गुलाबी सिनेमा आणि डांबराचा पट्टा

आमच्या गावात दोन टॉकीज होत्या. एक ‘घरच्यांबरोबर जायची’ आणि दुसरी ‘तिकडे बघायचं नाही’ अशी. गंमत म्हणजे शाळेचा रस्ता नेमका दुसरीवरूनच जायचा. रोज सकाळी आत्या मला पोचवायला यायची आणि ती टॉकीज आली की माझा हात घट्ट धरून म्हणायची, "खाली बघून चाल गं." मी खाली बघून चालायचे. पण खाली बघूनही माणसाला बरंच दिसतं. भिंतीवर मॉर्निंग शोचं पोस्टर असायचं, पोस्टरवर एक बाई असायची, आणि त्या बाईच्या अंगावर कुणीतरी डांबराचा काळा पट्टा फासलेला असायचा. पट्टा ओबडधोबड, ब्रशाचे केस चिकटलेला, खाली ओघळ आलेले. तेव्हा मला वाटायचं की त्या बाईला काहीतरी लागलंय आणि तिला पट्टी बांधलीय!

रांगेत उभे असलेले पुरुष मात्र खाली बघत नसत. ते सरळ समोर बघत.

हे सगळं इतक्या वर्षांनी आठवायचं कारण एक जपानी चित्रपट. नाव ‘ओकुरीबितो’. इंग्रजीत ‘डिपार्चर्स’. २००८ चा. २००९ च्या फेब्रुवारीत त्याला परभाषेतल्या सर्वोत्तम चित्रपटाचं ऑस्कर मिळालं आणि त्यानंतर आपल्याकडे अनेक फिल्म क्लबांनी तो दाखवला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: एक तरुण ऑर्केस्ट्रात चेलो वाजवत असतो. ऑर्केस्ट्रा बंद पडतो, नोकरी जाते. बायकोला घेऊन तो गावी परत येतो आणि पोटासाठी एक काम धरतो, मेलेल्या माणसाला पुसून, कपडे घालून, चेहरा नीट करून शवपेटीत ठेवायचं काम. हे काम तो बायकोपासून लपवतो. तिला कळतं तेव्हा ती त्याला अंगाला हात लावू देत नाही. विटाळ! पुढे काय होतं ते सांगत नाही, बघा. रडू येतं, पण स्वस्तातलं नाही.

घरी येऊन मी सवयीप्रमाणे दिग्दर्शकाची माहिती शोधली. योजिरो ताकिता. आणि त्याची चित्रपटांची यादी उघडल्यावर क्षणभर वाटलं, चुकून भलत्याच माणसाचं पान उघडलं की काय. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला या माणसाने लागोपाठ ‘पिंक’ चित्रपट केले होते. त्यातली एक अख्खी मालिका गर्दीच्या लोकलमध्ये बायकांच्या अंगाशी चाळे करणाऱ्या पुरुषांवर. विनोदी म्हणे!

तिथून सुरू झालेलं वाचन आणि बघणं बरीच वर्षं पुरलं. लिहावं की लिहू नये यात आणखी काही वर्षं गेली, कारण इथे माझ्या दोन मावश्या, एक काका आणि आत्येभाऊही वाचायला येतात. पण विषय इतिहासाचा आहे आणि मला सांगायचंय ते महत्त्वाचं वाटतं. तर मावशी, खाली बघू नकोस. वाच.

*

‘पिंक’ म्हणजे आपण ज्याला ‘तसला सिनेमा’ म्हणतो तो, पण पुरता तसला नाही. सगळं सूचित, अभिनित. जपानी दंडविधानाचं १७५ वं कलम १९०७ पासून अश्लील साहित्याच्या विक्रीला आणि प्रदर्शनाला मनाई करतं. ते आजही आहे. त्यामुळे पडद्यावर काय दिसायचं नाही याची रेघ ठरलेली होती आणि पिंकवाले त्या रेघेच्या अलीकडे नाचत होते.

पहिला पिंक चित्रपट म्हणून साधारणपणे ‘निकुताई नो इचिबा’ (देहाचा बाजार) याचं नाव घेतात. साल १९६२, दिग्दर्शक सातोरू कोबायाशी. तो लागला आणि थोड्याच दिवसांत पोलिसांनी जप्त केला. मग काटछाट करून परत लागला आणि अर्थातच जोरात चालला. जप्तीसारखी जाहिरात नाही हे जगात सगळीकडे सारखंच.

असले सिनेमे छोट्या कंपन्या काढत. पैसे इतके कमी की रंगीत फिल्म परवडायची नाही. मग युक्ती अशी की सिनेमा बहुतेक कृष्णधवल, आणि ‘ते’ प्रसंग आले की तेवढ्यापुरता पडदा रंगीत! याला तिकडे ‘पार्ट कलर’ म्हणत. मी असं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसू आलं आणि मग थोडं वाईटही वाटलं. करड्या दिवसात दहा मिनिटांपुरते रंग. बघायला येणाऱ्या थकल्याभागल्या माणसाचं आयुष्यही तसंच असेल का?

त्या काळातले दोघेजण विसरता येत नाहीत. पहिला तेत्सुजी ताकेची. हा मूळचा काबुकी नाटकांचा दिग्दर्शक, चांगला नावाजलेला. त्याने १९६५ मध्ये ‘कुरोई युकी’ (काळा बर्फ) केला. गोष्ट अमेरिकन विमानतळाच्या शेजारच्या वेश्यावस्तीतली. त्यात एक विवस्त्र बाई त्या तळाच्या कुंपणाच्या कडेने धावते आणि वरून विमानं जातात. सरकारने अश्लीलतेचा खटला भरला. ताकेचीचं म्हणणं असं की हा चित्रपट देशाबद्दल आहे, अंगावरचं सगळं ओरबाडून घेतलेल्या जपानबद्दल. १९६७ मध्ये तो सुटला आणि १९६९ मध्ये वरच्या कोर्टानेही सुटका कायम केली.

दुसरा कोजी वाकामात्सु. याचा १९६५ चाच ‘काबे नो नाका नो हिमेगोतो’ (भिंतींआडची गुपितं) एका वसाहतीत घडतो. सिमेंटचे एकसारखे ठोकळे, एकसारख्या खिडक्या. एका घरात एक विवाहित बाई आणि तिचा जुना प्रियकर. त्याच्या अंगावर हिरोशिमाच्या बाँबचे व्रण आहेत आणि भिंतीवर स्टालिनचं चित्र. समोरच्या इमारतीत परीक्षेला बसायचा एक मुलगा, जो अभ्यास सोडून दुर्बिणीतून दुसऱ्यांच्या खिडक्या बघतो. हा सिनेमा बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला. जपानी सरकारने निषेध केला आणि देशात ‘राष्ट्रीय नामुष्की’ म्हणून बोंब झाली. नामुष्की कसली? बाई उघडी दिसली याची, की हिरोशिमाचे व्रण बिछान्यात दिसले याची? मला अजून ठरवता आलेलं नाही.

*

आता खरी गोष्ट. निक्कात्सु ही जपानची सर्वांत जुनी मोठी चित्रपट कंपनी, १९१२ ची. म्हणजे आपल्या दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’पेक्षा एक वर्षाने मोठी. १९५८ हे जपानी सिनेमाचं भरतीचं वर्ष. त्या एका वर्षात देशात ११२ कोटींवर तिकिटं खपली. माणशी बारा पडतात! मग घरोघरी टीव्ही आला, १९६४ चं ऑलिंपिक आलं, रंगीत टीव्ही आला. १९७२ पर्यंत हा आकडा वीस कोटींच्याही खाली घसरला. निक्कात्सुचे मोठमोठे तारे सोडून गेले आणि कंपनी बुडायला आली.

तेव्हा त्यांनी ठरवलं की छोटे लोक जे गल्लीत विकतात ते आपण हमरस्त्यावरच्या दुकानात विकू. २० नोव्हेंबर १९७१ ला ‘रोमान पोर्नो’ या नावाने त्यांचे पहिले चित्रपट लागले. त्यातला ‘दांचिझुमा’ (वसाहतीतली बायको) आजही लोकांना आठवतो. ‘दांची’ म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या इमारती, १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात उगवलेल्या. दोन खोल्या आणि जेवण्याइतकं स्वयंपाकघर. एकेकाळी तिथे घर मिळणं हे भाग्य मानायचे. आपल्याकडे चाळीतून फ्लॅटमध्ये जाण्याचं जे अप्रूप होतं, तेच. आणि त्या स्वप्नातल्या घरात दिवसभर एकटी बसलेली बायको. नवरा सकाळी जातो, रात्री येतो, बोलत नाही. बाकी कथानक तुम्ही ओळखाल. जुना मित्र भेटतो, शेजारीण बघते, शेजारीण त्याचा फायदा घेते, बाई धंद्याला लागते. पण त्या रिकाम्या दुपारी खऱ्या आहेत. भांडी घासून झाली आहेत, कपडे वाळत आहेत आणि तीन वाजलेत. हे ज्याने लिहिलं त्याने कुठल्या तरी बाईची दुपार नीट पाहिलेली असणार.

कंपनीचे नियम साधे होते. सिनेमा साधारण सत्तर मिनिटांचा. शूटिंग आठवडा-दहा दिवसांत. दर दहा मिनिटांना एक ‘तसा’ प्रसंग. एवढं पाळा, बाकी तुम्हाला काय करायचं ते करा. गोष्ट कुठलीही, शेवट कसाही, राजकारण कुठलंही. आणि हाताशी कोण? तर कंपनीचे मुरलेले कॅमेरामन, प्रकाशयोजनाकार, सेट उभारणारे. यांनी आधी वर्षानुवर्षं मोठे सिनेमे केलेले. म्हणून हे चित्रपट दिसायला देखणे आहेत. सतरा वर्षांत अकराशेच्या आसपास चित्रपट निघाले. त्यातले बहुतेक टाकाऊ असणार, पण जे उरले ते उरले.

या सगळ्यात माणूस निघाला तो तात्सुमी कुमाशिरो. जन्म १९२७. १९६८ मध्ये याने पहिला चित्रपट केला तो पडला, आणि चाळिशी उलटलेला हा गृहस्थ पुन्हा बिनकामाचा झाला. रोमान पोर्नो आलं आणि त्याचं नशीब उघडलं. त्याचा १९७३ चा ‘योजोहान फुसुमा नो उराबारी’ मी तीनदा पाहिला. नावाचा शब्दशः अर्थ ‘साडेचार चटयांच्या खोलीतल्या सरकत्या दाराच्या आतला कागद’. जपानात खोली चटयांनी मोजतात, आणि दाराच्या आतल्या थराला असा जुना कागद लावतात. काळ १९१८ च्या सुमाराचा. तांदूळ महागलाय, दंगली होताहेत, सैन्य सैबेरियात निघालंय. आणि एका छोट्या खोलीत, मच्छरदाणीत, एक गिऱ्हाईक आणि एक गेशा. बाहेर इतिहास आरडाओरडा करतोय आणि आत दोन माणसं एकमेकांना जोखताहेत. कोण कुणाला विकत घेतंय हे हळूहळू उलटं होत जातं.

ही कथा नागाई काफू या मोठ्या लेखकाच्या नावावर सांगितली जाते. १९७२ मध्ये ती एका मासिकाने छापली म्हणून त्याच्या संपादकावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. संपादक कोण? आकियुकी नोसाका. ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ पाहून तुम्ही रडला असाल तर ती मूळ गोष्ट याच माणसाची. भुकेने मरणाऱ्या दोन भावंडांची गोष्ट लिहिणारा माणूस अश्लीलतेसाठी दोषी ठरला, आणि १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम केलं. कथा छापणारा कोर्टात आणि त्याच वेळी त्याच कथेवरचा सिनेमा थिएटरात. कुमाशिरोची हिंमत बघा.

त्याची आणखी एक खोड. जे दाखवायचं नाही ते इतर लोक चोरून, कॅमेरा वळवून, फुलदाणी मध्ये आणून लपवत. हा सरळ पडद्यावर मोठा काळा ठोकळा टाकायचा किंवा फिल्मच खरवडून ठेवायचा. म्हणजे लपवलंय हेच ठळक दिसेल असं. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आमच्या गावची भिंत उभी राहिली. डांबराचा पट्टा! फरक इतकाच की आमच्याकडे तो लावणारा कोण ते कधी कळलं नाही, आणि इथे दिग्दर्शक म्हणतोय, बघा, मला हे करायला लावलंय.

*

पोलीस गप्प बसले नव्हते. सुरुवातीच्या काही महिन्यांतच, १९७२ च्या जानेवारीत, त्यांनी निक्कात्सुच्या चित्रपटांवर कारवाई केली. आरोपींत दिग्दर्शक आणि कंपनीचे लोक होतेच, पण ‘एइरिन’चे परीक्षकही होते. एइरिन म्हणजे चित्रपटसृष्टीने स्वतःच नेमलेलं परीक्षण मंडळ, १९४९ पासूनचं. म्हणजे ज्यांनी सर्टिफिकेट दिलं तेच पिंजऱ्यात! खटला सहा वर्षं चालला. १९७८ मध्ये सगळे सुटले, १९८० मध्ये वरच्या कोर्टातही सुटले. मारी तानाका नावाची नटी या खटल्यातल्या चित्रपटामुळे इतकी गाजली की पेपरवाले तिला ‘पोलीस खात्याची लाडकी’ म्हणायला लागले. चळवळीतल्या विद्यार्थ्यांनी तिला डोक्यावर घेतलं.

पुढे नागिसा ओशिमाने १९७६ च्या ‘आई नो कोरिदा’साठी पळवाट काढली. शूटिंग जपानात, पण फिल्म न धुता फ्रान्सला पाठवायची आणि तिथे धुवायची. जपानात त्याच्यावर खटला झाला तो चित्रपटाबद्दल नाही, तर पटकथा आणि फोटो छापलेल्या पुस्तकाबद्दल. कोर्टात त्याचं म्हणणं असं होतं की दाखवलेलं काहीच अश्लील नसतं, लपवलेलं असतं ते अश्लील. तोही सुटला.

हे सगळं वाचताना मला हसू येत नव्हतं, कारण आपलंही फार वेगळं नाही. ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’च्या जपानी भाषांतरकाराला आणि प्रकाशकाला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये दोषी धरलं. त्याच पुस्तकाच्या विक्रीसाठी मुंबईतल्या एका पुस्तकविक्रेत्याला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये दोषी धरलं. निक्कात्सुवर कारवाई झाली त्याच १९७२ मध्ये इथे तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’चं रण पेटलं होतं. टोकियो आणि मुंबई, दोन्हीकडे वकील ‘अश्लील म्हणजे काय’ यावर घसा कोरडा करत होते. आणि दोन्हीकडे जुना खजिना होताच. त्यांच्याकडे शुंगा, म्हणजे उतामारो-होकुसाईसारख्यांनी काढलेली शृंगारचित्रं. आपल्याकडे हालाची गाथासप्तशती. शुंगाचं मोठं प्रदर्शन लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये २०१३ मध्ये झालं. टोकियोत ते व्हायला २०१५ उजाडलं, आणि त्याआधी बऱ्याच संग्रहालयांनी नको म्हटलं होतं. आपलीच चित्रं आपल्या घरात लावायला इतका वेळ.

*

इथपर्यंत लिहून थांबले असते तर लेख छान झाला असता. कला, बंडखोरी, कोर्टातला विजय. तज्ज्ञ मंडळी अशा लेखाच्या शेवटी ‘मुक्त अभिव्यक्ती’ असं काहीतरी लिहितात. पण मला त्या पट्ट्याखालची बाई आठवत राहते.

सायुरी इचिजो ही ओसाकाकडची स्ट्रिप थिएटरमधली कलावंत. फार लोकप्रिय. १९७२ च्या मे महिन्यात ती आपला निरोपाचा कार्यक्रम करत होती आणि त्या कार्यक्रमातच पोलिसांनी तिला पकडलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कुमाशिरोचा चित्रपट आला, ‘इचिजो सायुरी: नुरेता योकुजो’. त्यात ती स्वतःच्याच भूमिकेत आहे, पण गोष्ट तिच्यावर जळणाऱ्या, तिच्यासारखं होऊ बघणाऱ्या एका तरुण नाचणारीची. ती झालीय हिरोको इसायामा. ही तरुण पोरगी खोटं बोलते, भांडते, थुंकते, पोलिसांना हुलकावण्या देत पळते आणि कुणाचीही दया मागत नाही. असं बेफाट बाईपण मी पडद्यावर फार कमी वेळा पाहिलंय. ‘किनेमा जुन्पो’ हे तिकडचं सर्वांत मानाचं सिनेमासिक. त्याच्या त्या वर्षीच्या पहिल्या दहांत हा चित्रपट आला. कुमाशिरोलाही मान मिळाला, आणि इसायामाला सर्वोत्तम अभिनेत्रीचा.

आणि इचिजो? तिला तुरुंगवास झाला. शेवटची वर्षं तिने कामागासाकीत काढली. ओसाकामधली ती रोजंदारीवरच्या, बेघर माणसांची वस्ती. १९९७ मध्ये ती गेली. तोपर्यंत तिच्या नावाचा चित्रपट अभ्यासाचा विषय झाला होता.

एकाच सिनेमाशी जोडलेले तिघंजण. कुणाच्या वाट्याला काय आलं ते मांडून बघा. बरं, कुमाशिरोला मी दोष देत नाही. त्याने तिला जितक्या आदराने दाखवलं तितकं कुणी दाखवलं नव्हतं. पण त्या धंद्याचा डाग पुरुषाच्या अंगावरून धुऊन निघतो आणि बाईच्या अंगावर तसाच राहतो, हे काही त्याच्या हातात नव्हतं. किंवा त्याने ते मनावर घेतलं नाही. मासायुकी सुओने १९८४ मध्ये ओझूच्या शैलीची नक्कल करत एक पिंक चित्रपट केला आणि १९९६ मध्ये ‘शॅल वी डान्स’. कियोशी कुरोसावाचाही पहिला चित्रपट पिंकच, १९८३ चा. आज जगभर त्यांचा मान आहे, आणि त्या चित्रपटांना ‘उमेदवारीचे दिवस’ म्हणतात. नटीच्या बाबतीत उमेदवारी हा शब्द कुणी वापरत नाही. ती ‘पूर्वी तसल्या सिनेमात होती’.

आणि पडद्यावरच्या बाईचं काय? खरं सांगायचं तर त्यातलं बरंच मला बघवलं नाही. जबरदस्ती होते आणि मग बाईला ते आवडायला लागतं, हे खोटं या चित्रपटांनी किती वेळा सांगितलंय त्याला गणती नाही. ताकिताची ती लोकलची मालिका मी दहा मिनिटांत बंद केली. मुंबईत अकरा वर्षं लोकलने गेलेल्या बाईला त्यात विनोद दिसू शकत नाही. लेडीज डबा का असतो हे आम्हाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. टोकियोतही २००१ पासून बायकांसाठी वेगळे डबे परत सुरू झाले, ते काही हौस म्हणून नाही. कॅमेरा कितीही सुंदर हलला तरी तो कुणाच्या डोळ्याने बघतोय हा प्रश्न उरतोच.

म्हणून मला सगळ्यात जास्त आवडलेली व्यक्ती वेगळीच आहे. साची हामानो. १९४८ चा जन्म. हिला दिग्दर्शक व्हायचं होतं. मोठ्या कंपन्यांत बाईला आणि त्यातही पदवी नसलेल्याला दार बंद. पिंकवाल्यांनी दार उघडलं, कारण त्यांना पडेल ते करणारी माणसं हवी होती. १९७१ पासून तिने तीनशेवर चित्रपट केले, नंतर स्वतःची कंपनीही काढली. पुरुषांसाठीच्या या धंद्यात राहून बाईच्या इच्छेच्या बाजूने गोष्ट सांगायची, हा तिचा हट्ट. मग १९९० च्या दशकात एका महोत्सवाच्या वेळी तिच्या कानावर आलं की जपानात सर्वांत जास्त कथापट केलेली स्त्री दिग्दर्शक म्हणजे किनुयो तानाका, सहा चित्रपट. सहा! हिचे तीनशे होते आणि ते मोजलेच नव्हते. पिंक म्हणजे चित्रपट नाहीच ना.

तिने काय केलं? चिडून लेख लिहिला नाही. देशभरातल्या बायकांकडून वर्गणी जमवली आणि १९९८ मध्ये विस्मरणात गेलेली लेखिका मिदोरी ओसाकी हिच्यावर चित्रपट केला, मोजावाच लागेल असा. २००१ मध्ये ‘युरीसाई’ केला, म्हाताऱ्या बायकांच्या शरीराच्या आणि मनाच्या इच्छेवर. सत्तरीच्या पुढच्या बायका एका नव्या शेजाऱ्यामुळे पुन्हा पावडर-लिपस्टिक काढतात. मी तो माझ्या आईबरोबर पाहिला. आई पूर्ण वेळ गप्प होती. शेवटी एवढंच म्हणाली, "बाई, किती खरं आहे." आणि चहा टाकायला उठली.

*

पुढचं थोडक्यात. १९८० च्या दशकात व्हिडिओ घरात आला आणि थिएटरात जायची गरज संपली. जे टीव्हीने मोठ्या सिनेमाचं केलं ते व्हीसीआरने याचं केलं. १९८८ मध्ये निक्कात्सुने रोमान पोर्नो बंद केलं आणि १९९३ मध्ये कंपनीने दिवाळं काढलं. नंतर ती दुसऱ्यांच्या हातात जाऊन सावरली. २०१६ मध्ये पंचेचाळीस वर्षं झाली म्हणून पाच दिग्दर्शकांकडून त्याच जुन्या नियमांत नवे चित्रपट करून घेतले. तेव्हा जग बदललेलं होतं, जे पूर्वी लपूनछपून बघायचं ते खिशातल्या फोनवर आलेलं होतं. नियमांतली गंमत राहिली होती, धोका राहिला नव्हता.

आमच्या गावची ती टॉकीज पाडली. आता तिथे मंगल कार्यालय आहे. मागच्या वर्षी तिथेच भाचीचं लग्न झालं आणि पंगतीत जुना किस्सा निघाला. माझ्या एका भावाला (नाव घेत नाही, घाबरू नकोस) कॉलेजात असताना काकांनी मॉर्निंग शोच्या रांगेत पकडलं होतं आणि भर रस्त्यात कान धरून घरी आणलं होतं. सगळे पोट धरून हसले. तोही हसला, त्याची बायको हसली, त्याची मोठी झालेली मुलंही हसली. डाग नाहीच राहिला, किस्सा झाला. मीही हसले.

मग मी त्याला विचारलं, "त्या पोस्टरवरच्या बाईचं नाव काय होतं रे?"

तो विचारात पडला. बाकीचेही पडले. सिनेमाचं नाव दोघांना आठवलं, टॉकीजच्या डोअरकीपरचं नाव आठवलं, तिकिटाचा दरही आठवला. तिचं नाव कुणालाच आठवलं नाही. माहीतच नव्हतं.

आत्या शेजारीच बसली होती. आता तिला कमी ऐकू येतं, मला वाटलं तिचं लक्ष नाही. हात धुवायला उठताना माझा हात धरून म्हणाली, "ती पट्ट्यावरून वर बघायची गं. सरळ आपल्याकडे. मी रोज बघायचे."

म्हणजे मला खाली बघायला सांगून आत्या वर बघत होती.